नळीच्या आतली बखर

शिकारीच्या जुन्या इंग्रजी आठवणींत रायफलीची थोरवी बहुधा वाघांच्या आकड्याने सांगितली जाते. अशा आठवणींचा अनुवाद करू लागल्यापासून मला त्या आकड्यापेक्षा नळीच्या आतल्या पोलादात अधिक रस वाटतो. लेखक वाढवून सांगू शकतो. नळीला ते जमत नाही.

नळीच्या झिजेचा प्रश्न खरा पेटला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. काळ्या दारूची काजळी कोपऱ्यांत साचू नये म्हणून विल्यम मेटफर्ड यांनी नळीत सात उथळ, गोलसर कडांचे आटे ठेवले होते. १८९१ मध्ये कॉर्डाइट आले. दोऱ्यांसारख्या कांड्यांच्या या धूरविरहित दारूत ५८ टक्के नायट्रोग्लिसरिन होते. तिच्या धगीपुढे ते उथळ आटे भराभर झिजू लागले. १८९५ मध्ये एनफील्डचे पाच खोल, चौकोनी कडांचे आटे आले. पुढे नायट्रोग्लिसरिनही ३० टक्क्यांवर उतरवले गेले.

शिकारी रायफलीही कॉर्डाइटवर चालू लागल्या. पण सैनिक चांदमारीवर गोळ्यांमागून गोळ्या झाडतो, तर शिकाऱ्याची रायफल हंगामभरात मोजकीच बोलते. चांगली नळी काही हजार गोळ्या सहज सोसते. मग जुन्या शिकारी रायफलींच्या नळ्या आतून खराब का निघतात?

उत्तर दारूत नसून काडतुसाच्या बुडातल्या टोपीत आहे. टोपीतले पोटॅशियम क्लोरेट जळले की मागे पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे मिठाचेच भावंड. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि एका दमट रात्रीत पोलाद गंजू लागते. तेलाने ते निघत नाही, पाण्यात मात्र विरघळते. म्हणून नळीतून उकळते पाणी ओतायचे, ती कोरडी पुसायची आणि मगच तेलाचा हात द्यायचा, अशी रीत पडली. हा दोष त्या क्षाराचाच आहे हे अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सच्या अभ्यासाने १९२२ मध्ये दाखवले. पाण्याचा उपाय त्याआधीपासूनच चालत होता.

ही सगळी हकीकत नळीत वाचता येते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढायचा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे पाहायचे. काडतुसाच्या घराला लागून जिथे आटे सुरू होतात, तिथे आगीची झीज दिसते: कडा बोथट, पृष्ठभाग करडा, उन्हात तडकलेल्या तळ्याच्या गाळासारखा. गंजाचे काळे खड्डे मात्र कुठेही असतात. तिसरी खूण तोंडाशी. साफसफाईची दोरी रोज एकाच बाजूने ओढली, तर ती तिथले पोलाद खाते. गोल तोंड लांबट होते आणि नेम बिघडतो. पहिली झीज किती गोळ्या सुटल्या ते सांगते. उरलेल्या दोन्ही संध्याकाळी तळावर काय झाले, किंवा झाले नाही, ते सांगतात.

ते काम पुष्कळदा नोकराच्या वाट्याला येई. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या वाघिणीबद्दल मिळालेल्या रिग्बी रायफलीच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे. तिच्यावर १९०७ साल आहे, वाघीण आहे, रायफल देणारे लेफ्टनंट गव्हर्नर आहेत. पाणी तापवणाऱ्यासाठी अशी पट्टी कुणी बसवत नाही.

अनुवादात हीच अडचण एका शब्दापाशी उभी राहते. ‘शिकारी’ फारसीतून आपल्या कितीतरी भाषांत आला आणि तिथून इंग्रजीतही गेला. मराठीत शिकारी म्हणजे गोळी झाडणारा. साहेबांच्या इंग्रजीत मात्र तो बरेचदा माग काढणारा, वाट दाखवणारा गावकरी असतो. तिथे मी ‘शिकारी’ तसाच ठेवला, तर मराठी वाचक त्याच्या हाती बंदूक देईल. ‘वाटाड्या’ म्हटले, तर त्याची विद्या कमी होईल. मी ‘मागकाढ्या’ लिहितो आणि साहेबाला ‘शिकारी’ म्हणतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा कितीतरी रायफली नुसत्या जपून ठेवायच्या वस्तू झाल्या. त्यांतल्या एखादीची नळी आजही आरशासारखी चमकत असेल, तर ते श्रेय नेमबाजाचे धरू नये. गोळी सुटल्यावर कुणीतरी दर वेळी पाणी उकळले होते.