जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन आणि कावेरीचे पाणी

कुंभकोणम म्हटले की मंदिरे आणि डिग्री कॉफी आठवते. पण हा कावेरीच्या भातशेतीचा मुलूख आहे आणि येथील यंत्रे कालव्याच्या तारखांवर चालतात. मेट्टूर धरणात (1934) पुरेसा साठा असेल तर प्रथेप्रमाणे 12 जूनला पाणी सुटते. 1960 च्या दशकात जवळच्या अडुतुरै येथील भात संशोधन केंद्राने एडीटी-27 हा लवकर पिकणारा वाण दिला. कुरुवै हंगामाचे भात कापायचे, लगेच चिखलणी करून दुसरे लावायचे. बैलजोडीला ही घाई जड जाई.

1960 मध्येच मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने मद्रासला टाफे कंपनी निघाली. त्याच समूहातील सिम्पसन कंपनी पर्किन्स घडणीची डिझेल इंजिने बनवत होती. ट्रॅक्टर महाग, त्यामुळे इंजिन थकले तर ते पुन्हा बांधणेच परवडे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेली हवाच इंधन पेटवते. सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो वरची रिंग जिथून परत फिरते तिथे. मग दाब गळतो आणि सकाळी इंजिन सुरूच होत नाही. पर्किन्सच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात झिजलेला लाइनर काढून नवा बसवता येतो, ब्लॉक तोच राहतो. क्रँक इंचाच्या शंभराव्या भागाने घासून त्यावर तेवढेच जाड बेअरिंग घालतात. हरितक्रांतीच्या धड्यांत बियाणे आणि खते येतात, लाइनर येत नाही; मला ही मोठी उणीव वाटते.

नव्या रिंगा नीट बसायला इंजिनावर भार लागतो; फार वेळ हलके चालवल्यास त्या नीट बसत नाहीत. पाणी जूनमध्ये सुटते, म्हणून जाणता मालक ते मे महिन्यातच उघडतो.