एएल अमायलॉइडोसिस आणि मूत्रपिंड

लघवीला फेस येतो, पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज असते, लघवीतून प्रथिने जातात. याचे नेहमीचे कारण मधुमेह असते. मधुमेह नसेल किंवा सूज झपाट्याने वाढली, तर एएल अमायलॉइडोसिस या दुर्मीळ आजाराचाही विचार करावा लागतो.

नेमके काय होते?
बोन मॅरोमधील प्लाझ्मा पेशी ‘लाइट चेन’ हे सदोष प्रथिन तयार करतात. त्याचे धागे मूत्रपिंडाच्या गाळणीत साचतात आणि अल्ब्युमिन लघवीवाटे निघून जाते. हे धागे हृदयात आणि नसांमध्येही साचू शकतात. त्यामुळे धाप लागते, उभे राहताना चक्कर येते, मुंग्या येतात. काहींची जीभ जाड होते.

प्रकार कोणता, हे विचारा
क्षयरोगासारख्या दीर्घकाळच्या संसर्गानंतर एए अमायलॉइडोसिस होतो. लक्षणे सारखी, उपचार मात्र वेगळे: एएमध्ये मूळ आजार आटोक्यात आणतात, एएलमध्ये प्लाझ्मा पेशींवर औषधे देतात. पूर्वी टीबी झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

तपासण्या
क्रिएटिनिन, २४ तासांच्या लघवीतील प्रथिने, फ्री लाइट चेन, इम्युनोफिक्सेशन, बायोप्सी, बोन मॅरो तपासणी आणि हृदयाची टूडी इको. अहिल्यानगर जिल्ह्यातील रुग्णांना रक्तविकारतज्ज्ञांसाठी अनेकदा पुण्याला जावे लागते. जाताना सर्व जुने रिपोर्ट न्या.

उपचार
बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फामाइड, डेक्सामेथासोन आणि शक्य असल्यास डाराटुमुमॅब देतात. निवडक रुग्णांत स्वतःच्याच स्टेम सेलचे प्रत्यारोपण करतात. रक्तातील लाइट चेन आधी कमी होतात. मूत्रपिंड सुधारायला अनेक महिने लागतात. म्हणून सूज लगेच उतरली नाही तरी उपचार सोडू नका. मूत्रपिंड निकामी झाल्यास डायलिसिस करता येते. खर्चाबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

घरी काय पाळावे?
मीठ, लोणचे, पापड कमी करा. रोज सकाळी वजन लिहून ठेवा. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, भस्मेही टाळा.

ताबडतोब रुग्णालयात जा
धाप वाढली, छातीत दुखले, भोवळ येऊन पडलात, लघवी खूप कमी झाली, ताप आला किंवा एकाच पायाला दुखरी सूज आली, तर थांबू नका.