दादींचा निकाहनामा

2023 च्या हिवाळ्यात आम्हा उर्दू शिक्षकांना अचानक भाव आला. अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि निजामकाळातील उर्दू कागद वाचणारी माणसे हवी झाली. शेतकरी आमच्याकडे जुने कागद घेऊन येत. त्यांच्या पाठोपाठ अंबड तालुक्यातील एका खेड्यातून नव्वदी ओलांडलेल्या एक दादी आल्या. त्यांच्याजवळ निकाहनामा होता. हिजरी 1365, म्हणजे 1946. महर सिक्का उस्मानियात लिहिलेला. दादींना कसलेही प्रमाणपत्र नको होते. "उनका नाम पढके सुनाओ, बाबा," एवढेच म्हणाल्या. त्या पिढीच्या बाईने नवऱ्याचे नाव स्वतः कधी घेतले नाही. आम्ही वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

संसार दोन वर्षांचा. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली. रझाकारांचे जुलूम खरे होते, ते आपण नाकारू नयेत. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव आम्ही वर्गात आदराने सांगतो. पण रझाकारांच्या पापाची शिक्षा ज्यांनी भोगली, त्यांतले कितीतरी रझाकार नव्हतेच. दादींचे शौहर पिंजारी. बाजाराला गेले ते परतले नाहीत.

पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षाअखेर दौरा केला. तिच्या अहवालात मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार आहे. त्यात औरंगाबाद (जालना, अंबड तेव्हा त्याच जिल्ह्यात), बीड, नलगोंडा व मेदक मिळून किमान 5 हजार. हा अहवाल कित्येक दशके सरकारने प्रसिद्ध केला नाही. हिंदू विणकरांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान विणकरांना वाचवले, हेही त्यातच नोंदलेले आहे. दादींनाही एका माळ्याच्या घरी कणगीमागे लपवले होते.

मय्यत मिळाली नाही, मग इद्दत कधीपासून धरायची? गावात कुणाला सांगता येईना. दादींनी दुसरा निकाह केला नाही. गळ्यातला काळ्या पोतीचा लच्छाही काढला नाही.

1972 च्या दुष्काळात परद्यातली ही बाई खडी फोडायला गेली. मस्टरवर नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हा दादी गप्प. शेजारच्या माळणीने सांगितले. हयात की मयत, या प्रश्नावर तीही गप्प झाली.

दादींची पणती मराठी शाळेत शिकते, तिला उर्दू वाचता येत नाही. म्हणून आम्ही ते नाव वेगळ्या कागदावर देवनागरीत, ठळक अक्षरांत लिहून दिले.