अहवालाचे वाचन : मेंदू, सायनस आणि काही शब्दांचा इतिहास

मेंदू आणि सायनस यांच्या एमआरआय तपासणीचा अहवाल जितक्या भीतीने वाचला जातो, तितक्या भीतीने दुसरा एकपानी मजकूर क्वचितच वाचला जात असेल. संहिता आणि अन्वयार्थ यांच्याशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, त्यांनाही हा कागद हाती पडताच आपली शिस्त आठवत नाही. नजर थेट शेवटच्या ओळीकडे धावते, तिथे एखादा लांबलचक शब्द भेटतो आणि तोच निकाल ठरतो. आमचे म्हणणे असे, की या अहवालातील बहुतेक शब्द निकालाचे नसून वर्णनाचे असतात. जे दिसले आणि त्याचा जो अर्थ लावला, या दोहोंत अंतर राखण्याची सवय वैद्यकाने फार सावकाश अंगी बाणवली. तिचा इतिहास पाहिला, तर अहवाल वाचणे बरेच सुकर होते.

मुळात मेंदू आणि सायनस एकाच कागदावर का येतात? सायनस म्हणजे चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या. त्यांच्या चार जोड्या असतात : गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि थेट मेंदूच्या तळाखाली. या शेवटच्या, स्फिनॉइड नावाच्या सायनसच्या छतावरच पिट्युटरी ग्रंथी विसावलेली असते. तिचे नाव 'पिट्युइटा', म्हणजे कफ किंवा शेंबूड, या लॅटिन शब्दावरून पडले. गॅलेनपासून चालत आलेली समजूत अशी होती, की मेंदूत साचणारा मळ चाळणीसारख्या हाडातून नाकात झिरपतो. सर्दी म्हणजे मेंदूचीच गळती! विटेनबर्गच्या कॉनराड श्नायडर यांनी १६६० च्या दशकात दाखवून दिले, की तो स्राव नाकाच्या अस्तरातच तयार होतो. समजूत गेली, ग्रंथीचे नाव मात्र राहिले.

रुग्णांच्या मनातली भीतीही तशीच जुनी आहे. नॅथॅनियल हायमोर या इंग्लिश वैद्याने १६५१ च्या आपल्या शरीररचनेवरील ग्रंथात गालाच्या सायनसचे वर्णन केले. त्यात एका स्त्रीची हकीकत येते. तिचा वरचा दात काढल्यावर तिथून स्राव वाहू लागला. त्या छिद्रात तिने चांदीची सळई घालून पाहिली, मग पिसाची काडी घातली. काडी इतकी आत गेली, की ती मेंदूत पोहोचली असे वाटून ती हादरली. वास्तविक काडी गालाच्या पोकळीतच फिरत होती. सायनसविषयीची ओळ वाचताना मेंदूच्या काळजीने धास्तावणारा आजचा वाचक त्या स्त्रीचाच वारस आहे.

'सायनस' या शब्दाचीही एक गंमत आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घडी, वळण, उपसागर. गणितातला 'साइन' हाही तोच शब्द, पण तो तिथे आला चुकीच्या वाचनातून. संस्कृत 'जीवा' अरबीत 'जिबा' झाला. स्वरचिन्हांशिवाय लिहिलेला तो शब्द पुढे 'जैब', म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला आणि बाराव्या शतकात त्याचे 'सायनस' असे लॅटिन भाषांतर झाले. आपल्या मराठीत 'मला सायनस आहे' असे म्हटले जाते, तेव्हा जागेचे नावच रोगाचे नाव झालेले असते. अहवालात मात्र तो शब्द केवळ जागा सांगतो. सायनस सर्वांनाच असतात.

आता चित्राकडे वळू. १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण गवसले आणि हाडे दिसू लागली. पण कवटीच्या आत मेंदू, द्रव, गाठ यांच्या छाया जवळजवळ सारख्याच उमटत. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांतील द्रव काढून तिथे हवा भरली, आणि पुढच्याच वर्षी पाठीच्या कण्यातून हवा सोडण्याची पद्धत वर्णिली. चित्र मिळाले; पण रुग्णाला भयंकर डोकेदुखी आणि उलट्या सोसाव्या लागत. पुढे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या विम्बल्डन भागात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले, आणि त्यानंतरच ही वेदना हळूहळू इतिहासजमा झाली.

एमआरआयची वाट वेगळी. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली 'नेचर'मध्ये पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र प्रसिद्ध केले आणि आपल्या पद्धतीला 'झ्यूग्मॅटोग्राफी' हे नाव दिले. 'झ्यूग्मा' म्हणजे ग्रीकमध्ये जोडणारे, जू. चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरींचे क्षेत्र वस्तूच्या ठायी जोडले जातात, म्हणून हे नाव. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाला झ्यूग्मा परिचयाचा असतो : एकच क्रियापद अनेक पदांना सांधते तो अलंकार, आपल्या दीपकाच्या जवळचा. लॉटरबर यांचे नाव टिकले नाही. 'न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स' या मूळ नावातला पहिला शब्दही लोकांना अणुबाँबची आठवण देई, म्हणून १९८० च्या दशकात गळला. २००३ चे नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले. रेमंड डमेडियन यांनी १९७१ मध्येच गाठींतील आणि निरोगी ऊतींतील संकेतांचा फरक दाखवला होता. आपल्याला वगळल्याचा निषेध त्यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन केला.

या जन्मकथेतून वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी : एमआरआय हे छायाचित्र नव्हे. दीड टेस्लाच्या चुंबकात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट बलवान क्षेत्रात, शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी क्षणभर ढळवले जाते. ती पूर्ववत होताना जो संकेत देतात, त्याचे हे करड्या छटांतले भाषांतर आहे. एकाच मजकुराची अनेक भाषांतरे व्हावीत तशी इथे एकाच मेंदूची अनेक चित्रे असतात. टी-१ मध्ये मेंदूभोवतीचा द्रव काळा दिसतो, टी-२ मध्ये तोच पांढरा. फ्लेअर या पद्धतीत मोकळा द्रव मुद्दाम काळा केला जातो, म्हणजे त्याच्या काठचे डाग लपत नाहीत. सीटीत पाणी शून्य आणि हवा उणे हजार अशी ठरलेली मोजपट्टी असते. एमआरआयच्या नेहमीच्या चित्रात तशी नसते. म्हणून 'हायपरइंटेन्स' या शब्दाचा अर्थ एवढाच, की ही जागा आजूबाजूच्या मानाने उजळ आहे. त्यात निंदा नाही, निदानही नाही.

उतारवयातील अनेकांच्या अहवालात मेंदूच्या पांढऱ्या भागातील अशा उजळ ठिपक्यांचा उल्लेख असतो. वय, रक्तदाब, अर्धशिशी अशा अनेक वाटांनी ते तिथे येऊ शकतात. १९८७ मध्ये हॅचिन्स्की, पॉटर आणि मर्स्की यांनी त्यांच्यासाठी ग्रीक धातूंवरून 'ल्युकोअराओसिस' हा शब्द घडवला. त्याचा अर्थ फक्त 'पांढऱ्याचे विरळ होणे'. कारण ठाऊक नसताना ते सुचवणारा शब्द वापरायचा नाही, म्हणून केवळ दिसण्याचे नाव दिले. वैद्यकीय परिभाषेतला हा संयम आम्हाला एखाद्या चांगल्या संपादकाच्या संयमासारखा वाटतो. अहवालातला 'नॉन-स्पेसिफिक' हा शब्द याच घराण्यातला : एवढ्यावरून कारण सांगता येत नाही.

सायनसच्या परिच्छेदात अस्तर जाड झाल्याचा किंवा एखाद्या निरुपद्रवी गळवासारख्या पुटकुळीचा उल्लेख वारंवार भेटतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत लक्षणे नसलेल्या १००० स्वयंसेवकांच्या मेंदूची चित्रे तपासली गेली. ८२ टक्के निर्दोष निघाली, उरलेल्या १८ टक्क्यांत काही ना काही सापडले. पण त्यांतील बहुतेकांना पुढे कोणाकडे पाठवण्याची गरज नव्हती. नाकाच्या एका बाजूचे अस्तर फुगलेले दिसले, तर तो नाकाचा नित्यक्रमही असू शकतो. दोन्ही बाजू काही तासांनी आलटून पालटून फुगतात, हे जर्मन वैद्य कायझर यांनी १८९५ मध्येच नोंदवले. चंद्रस्वर-सूर्यस्वरांची भाषा जाणणाऱ्या आपल्या परंपरेला ते नवे वाटू नये.

याचा अर्थ सायनसची ओळ नेहमीच दुर्लक्षावी असा मात्र नाही. एमआरआयमध्ये हवा काळी दिसते आणि घट्ट वाळलेला स्राव किंवा बुरशीचा गोळाही काळा दिसू शकतो; रिकामे आणि भरलेले तिथे एकसारखे मुके असतात. म्हणून अनेकदा सीटी जोडीला लागते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात थैमान घातले, तेव्हा मधुमेह आणि स्टेरॉइडचा इतिहास असलेल्या रुग्णांच्या अहवालात नाक-सायनसचा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा ठरला. बुरशी तिथून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकत होती. शिरेतून औषध दिल्यावर जिवंत अस्तर चित्रात उजळते. जिथे ते काळेच राहिले, तिथे ऊती मेल्याची शंका घेतली जाई. अस्तराविषयीची एक ओळ एकाच्या बाबतीत क्षुल्लक आणि दुसऱ्याच्या बाबतीत जीवघेणी ठरली. फरक रुग्णाच्या हकीकतीत होता.

म्हणूनच अहवालाच्या शेवटच्या भागाला 'इम्प्रेशन', म्हणजे झालेले मत, म्हणतात आणि त्याखाली बहुधा 'क्लिनिकल कोरिलेशन' सुचवलेले असते. अनेकांना ती जबाबदारी झटकण्याची युक्ती वाटते. आम्हाला ती अहवालातली सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते. चित्र वाचणाऱ्याने रुग्णाला बहुधा पाहिलेलेही नसते. संदर्भाविना अर्थ पुरा होत नाही, हे तो कबूल करतो. तेव्हा हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जाताना आपला संदर्भही सोबत न्यावा : दुखणे कधीपासून आहे, ताप येतो का, रक्तदाब आणि साखर किती, जुनी चित्रे असतील तर तीही. आणि एखाद्या अवयवापुढे 'अनरिमार्केबल' असे लिहिलेले आढळले, तर वाईट वाटून घेऊ नये. साहित्यसमीक्षेत हा शेरा लेखकाला सहन होत नाही. या अहवालात त्याहून चांगली दाद नाही.