बोर्निओंतील पीट-भूमि व पाण्याचा हिशेब

पाणी उतरलें म्हणजे शेत हातीं आलें, ही समजूत शेतकऱ्याइतकीच सरकारांचीहि असते. पुष्कळ दलदलींविषयीं ती खरीहि ठरते. परंतु बोर्निओ बेटाच्या ज्या भागास इंडोनेशियांत मध्य कालीमंतान म्हणतात, तेथें या समजुतीनें केवढा अनर्थ घडला, हें आमच्या वाचकांनीं एकदां लक्षपूर्वक पाहावें असें आम्हांस वाटतें.

तेथील नद्यांच्या दुआबांत पानें, मुळें व खोडें पाण्यांत पडून, पुरतीं न कुजतां, हजारों वर्षें साठत गेलीं आहेत. या सांठ्यास पीट म्हणतात. दोन नद्यांच्या मध्यें तो घुमटासारखा फुगलेला व कांहीं ठिकाणीं अनेक मीटर खोल असतो. ओल्या पीटच्या वजनांत सुमारें ९० टक्के पाणीच असतें. तेव्हां तेथील पाणी काढणें म्हणजे जमीनच काढून घेणें होय. पाणी गेलें कीं पीट आकसतें, हवा शिरून कुजूं लागतें, जमीन वर्षानुवर्ष खचते, आणि कोरडें पीट सरपणाप्रमाणें पेट घेतें. खालच्या चिकणमातींत पुष्कळदां गंधकयुक्त लोहखनिज असतें. त्यास हवा लागली कीं गंधकाम्ल उत्पन्न होऊन पिकें व मासे दोन्ही नाश पावतात.

बांजार शेतकऱ्यांस हें अनुभवानें ठाऊक होतें. नदीकांठीं जेथें थर पातळ, तेथेंच ते भात लावीत. नदीपासून आंत ते लहान चर खणीत. त्यांस हांदिल म्हणतात. भरतीच्या वेळीं समुद्र नदीचें गोडें पाणी मागें रेटतो, तें चरांतून शेतांत चढतें, आणि ओहोटीबरोबर आम्ल पाणी धुवून निघतें. पुढें कोरड्या दिवसांत ओल टिकावी म्हणून चरावर ‘ताबात’ नांवाचा लहान बांध घालीत. त्यांच्या शेतांतहि पीट हळूहळू झिजलेंच. परंतु ती झीज कांठच्या पातळ थरापुरती राहिली.

इंडोनेशिया १९८४ सालीं तांदळाच्या बाबतींत स्वयंपूर्ण झाला होता. दहा वर्षांतच तो पुन्हां आयातीवर आला, आणि जावांतील भातशेतें कारखान्यांनीं व घरांनीं व्यापूं लागलीं. तेव्हां १९९५ सालीं अध्यक्ष सुहार्तो यांनीं कालीमंतानांत दहा लक्ष हेक्टर भूमि भाताखालीं आणण्याचा हुकूम काढला. हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. भुकेची चिंता खरीच होती. परंतु तीन मीटरांहून खोल पीट राखून ठेवावें, हा १९९० सालचा त्याच सरकारचा नियम बाजूस राहिला. अरण्य तोडून ४,००० किलोमीटरांहून अधिक लांबीचे कालवे खणण्यांत आले, आणि ते थेट घुमटांतून गेले. पाणी आणण्यासाठीं खणलेल्या कालव्यांनीं तें वाहून नेलें. जावांतून आणलेल्या हजारों कुटुंबांच्या वांट्यास आम्लानें बिघडलेली जमीन आली.

१९९७ सालच्या अवर्षणांत हें पीट पेटलें. धूर सिंगापूर व मलेशियापर्यंत पसरला. त्या वर्षीं इंडोनेशियांतील वणव्यांतून सुटलेला कार्बन, जगांतील कोळसा, तेल व वायु यांच्या एका वर्षाच्या ज्वलनांतून निघणाऱ्या कार्बनाच्या १३ ते ४० टक्के होता, असा अंदाज २००२ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. १९९८ सालीं सुहार्तो पायउतार झाले व १९९९ सालीं योजना गुंडाळली गेली. कालवे मात्र वाहतच राहिले. २०१५ सालीं पुन्हां भयंकर वणवे लागल्यावर, २०१६ च्या आरंभीं सरकारनें कालव्यांस बांध घालण्यासाठीं स्वतंत्र खातें काढलें, आणि पीटमधील पाणी पृष्ठभागाखालीं ४० सेंटिमीटरांपेक्षां खोल जाऊं नये, असा दंडक तर २०१४ सालींच घालण्यांत आला होता. बांजार शेतकऱ्याचा ताबात अशा रीतीनें सरकारी नियमांत आला.

परंतु खचलेली जमीन बांधानें वर येत नाहीं. उरलेली राखणें एवढेंच हातीं आहे. २०२० सालीं त्याच प्रदेशांत सरकारनें धान्याची नवी योजना आरंभिली. तेथें कुदळ मारण्यापूर्वीं थराची खोली मोजावी, आणि पाणी काढण्याचा नव्हे, राखण्याचा हिशेब आधीं मांडावा, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.