शैक्षणिक ॲपलेट

शैक्षणिक ॲपलेट म्हणजे गणित, विज्ञान इत्यादी विषयांतील एखादी संकल्पना प्रत्यक्ष हाताळून समजावी, यासाठी तयार केलेली आणि वेब ब्राउझरमध्ये चालणारी लहान संगणकीय आज्ञावली होय. १९९५ नंतर सुमारे वीस वर्षे अशी ॲपलेट मुख्यतः जावा भाषेत लिहिली गेली. त्यांतील पुष्कळशी शिक्षकांनी व हौशी प्रोग्रामरांनी तयार करून विनामूल्य उपलब्ध करून दिली होती.

कार्यपद्धती

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा भाषा जाहीर केली. जावामध्ये लिहिलेली आज्ञावली बाइटकोडमध्ये रूपांतरित करून वेबपानाबरोबर पाठवली जाई आणि वाचकाच्या संगणकावरील जावा आभासी यंत्र ती चालवीत असे. त्यामुळे एकच ॲपलेट वेगवेगळ्या संगणकप्रणालींवर चालत असे. वाचकाच्या फाइली सुरक्षित राहाव्यात म्हणून ते ‘सँडबॉक्स’ नावाच्या बंदिस्त व्यवस्थेत चालवले जाई.

अध्यापनातील उपयोग

छापील आकृती स्थिर असते. ॲपलेटमध्ये विद्यार्थी स्वतः राशी बदलून परिणाम पाहू शकतो. उदाहरणार्थ, साध्या लंबकाची लांबी चौपट केली, की लहान आंदोलनांसाठी त्याचा दोलनकाल दुप्पट होतो, हे सूत्र पाठ करण्यापूर्वीच त्याच्या लक्षात येते.

प्रमुख उदाहरणे

* कट द नॉट – अलेक्झांडर बोगोमोल्नी यांनी १९९६ मध्ये सुरू केलेले गणितविषयक संकेतस्थळ.
* वॉल्टर फेंट यांची ॲपलेट – या जर्मन शिक्षकाने तयार केलेली भौतिकशास्त्र व गणिताची ॲपलेट अनेक भाषांत अनुवादित झाली.
* जिओजेब्रा – मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे आरंभ केलेली गणितीय प्रणाली. तिच्यामुळे प्रोग्रामिंग न येणाऱ्या शिक्षकांनाही ॲपलेट तयार करता येऊ लागली.
* फेट – नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला प्रकल्प. त्यातील काही आभासी प्रयोग मराठीतही आहेत.
* पॉल फॉल्स्टॅड यांचे विद्युत परिपथाचे ॲपलेट – यात सरकत्या ठिपक्यांनी विद्युतधारा, तर हिरव्या व लाल रंगांनी अनुक्रमे धन व ऋण विभव दाखवले जाते.

ऱ्हास

जावा प्लगइनमधील सुरक्षाविषयक त्रुटी वारंवार उघड होत गेल्या. शिवाय मोबाइल फोनच्या ब्राउझरांत ते प्लगइन चालत नसे. क्रोमने २०१५ मध्ये व फायरफॉक्सने २०१७ मध्ये त्याचा आधार काढून घेतला. २०१८ मधील जावा ११ या आवृत्तीतून प्लगइनच वगळण्यात आले. परिणामी कोणतीही चूक नसलेली असंख्य ॲपलेट बंद पडली आणि वेबपानांवर त्यांच्या जागी रिकामा चौकोन उरला.

जतन

फेट, जिओजेब्रा, फेंट व फॉल्स्टॅड यांची ॲपलेट जावास्क्रिप्ट व एचटीएमएल ५ या तंत्रांत नव्याने उतरवण्यात आल्यामुळे आजही वापरात आहेत. बोगोमोल्नी यांचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यांची अनेक ॲपलेट जावातच राहिली. चीर्पजे या साधनाच्या साहाय्याने काही जुनी जावा ॲपलेट आधुनिक ब्राउझरमध्ये प्लगइनशिवाय चालवता येतात. मूळ आज्ञावली खुली असल्यास कर्त्याच्या पश्चातही इतरांना ती नव्या तंत्रात आणता येते. म्हणून शैक्षणिक साहित्याच्या जतनात मुक्त परवान्याला महत्त्व आहे.