सागरी रेडिओ : शिडाच्या नौकेवरील वापर

समुद्रावरील नौका, बंदरे आणि बचावयंत्रणा यांच्यातील संभाषणासाठी राखून ठेवलेल्या कंप्रतांवर चालणारे बिनतारी साधन. शिडाच्या नौकांवर व मासेमारीच्या ट्रॉलरवर त्याचा व्हीएचएफ (अत्युच्च कंप्रता) हा प्रकार सर्वांत जास्त वापरला जातो. बोलीत त्याला ‘वायरलेस’ म्हणतात. मोबाइलवरचे बोलणे दोघांपुरते असते, तर सागरी रेडिओवरची हाक टप्प्यातल्या प्रत्येक संचावर ऐकू येते. संकटात मदत मिळते ती या गुणामुळे, आणि एरवी बोलण्याची कडक शिस्त पाळावी लागते तीही याच गुणामुळे.

कंप्रता आणि चॅनेल : सागरी व्हीएचएफचा पट्टा साधारण १५६ ते १६२ मेगाहर्ट्झ एवढा आहे. त्यातील चॅनेल १६ (१५६.८ मेगाहर्ट्झ) संकटाची हाक आणि पहिला पुकारा यांसाठी आहे. चॅनेल ७० (१५६.५२५ मेगाहर्ट्झ) केवळ अंकीय संदेशांसाठी राखीव असून त्यावर बोलता येत नाही. नौकांच्या आपापसातल्या बोलण्यासाठी ६, ८, ७२, ७७ असे चॅनेल वापरतात. बसवलेल्या संचाची कमाल शक्ती २५ वॉट असते. बंदरात किंवा जवळच्या नौकेशी बोलताना ती १ वॉटवर आणतात, म्हणजे दूरच्या संभाषणांत व्यत्यय येत नाही.

टप्पा : व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे त्यांचा टप्पा संचाच्या शक्तीपेक्षा अँटेनाच्या उंचीवर अवलंबून असतो. उंचीच्या (मीटरमधील) वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. डोलकाठीच्या टोकावर १६ मी. उंचीची अँटेना असेल तर हे अंतर सु. १६.५ किमी. भरते. ४ मी. उंचीची अँटेना असलेल्या होडीचे क्षितिज सु. ८ किमी. असल्याने या दोघींचा संवाद सु. २५ किमी.पर्यंत होऊ शकतो. किनाऱ्यावरील केंद्राची अँटेना समुद्रसपाटीपासून १०० मी. उंच असल्यास त्याच शीडनौकेशी सु. ५८ किमी.पर्यंत बोलता येते. कोकणात कड्यांची उंच भूशिरे जागोजागी समुद्रात घुसलेली आहेत. तेथील केंद्राला या उंचीचा फायदा मिळतो. मात्र भूशिराच्या आडोशाला खाडीत नांगरलेल्या होडीला पलीकडचा पुकारा क्षीण ऐकू येतो किंवा मुळीच येत नाही.

शीडनौकेच्या अडचणी : वाऱ्याने नौका कलली की डोलकाठीबरोबर अँटेनाही कलते. लहरी अरुंद पट्ट्यात एकवटणारी अँटेना अशा वेळी एका बाजूला आकाशात आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात बोलू लागते. म्हणून शीडनौकेवर कमी लाभांकाची, म्हणजे लहरी कमी एकवटणारी अँटेना पसंत करतात. २५ वॉटवर बोलताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून सु. ५ ते ६ अँपिअर प्रवाह खर्च होतो, नुसते ऐकताना त्याच्या दशांशाहूनही कमी. डोलकाठी मोडली तर अँटेनाही जाते. यासाठी राखीव अँटेना आणि ५–६ वॉटचा हातातला जलरोधक संच जवळ ठेवतात.

बोलण्याची रीत : एका वेळी एकालाच बोलता येते. बटण दाबले की आपले ऐकणे बंद होते. एकाच चॅनेलवर दोघे बोलले तर जोरकस लहर क्षीण लहरीला झाकून टाकते. त्यामुळे कुणाच्या माइकचे बटण दाबलेले अडकून राहिले तर परिसरातला तो चॅनेल निकामी होतो. पुकारण्याआधी थोडे ऐकावे, ज्याला बोलवायचे त्याचे नाव आधी व आपले नाव नंतर घ्यावे, उत्तर मिळताच दुसऱ्या चॅनेलवर जाऊन १६ मोकळा करावा, असा दंडक आहे. जीव किंवा नौका तातडीच्या धोक्यात असेल तर ‘मेडे’, निकडीची पण त्याहून कमी गंभीर स्थिती असेल तर ‘पॅन-पॅन’ आणि हवामान वा नौकानयनाच्या धोक्याच्या सूचनेसाठी ‘सेक्युरिते’ हे शब्द तीनदा उच्चारतात. मेडेच्या निरोपात नौकेचे नाव, ठिकाण, संकटाचे स्वरूप, हवी असलेली मदत आणि नौकेवरील माणसांची संख्या या क्रमाने माहिती देतात. बोलणे मध्येच तुटले तरी शोध घेता यावा, म्हणून ठिकाण आधी सांगतात.

अंकीय हाक : संचावरील झाकणाखालचे लाल बटण काही सेकंद दाबून धरले की चॅनेल ७० वरून नौकेचा नऊ अंकी ओळखक्रमांक आणि जीपीएस जोडलेले असल्यास ठिकाणही आपोआप प्रक्षेपित होते. भारतीय नौकांच्या क्रमांकाची सुरुवात ४१९ ने होते. ही पद्धत जागतिक सागरी संकट व सुरक्षा प्रणालीचा (जीएमडीएसएस) भाग असून ती १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रवासी जहाजांवर आणि ३०० टन व त्यावरील मालवाहू जहाजांवर ती सक्तीची आहे. भारतात नौकेवरील रेडिओसाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो.

महाराष्ट्राचा किनारा आणि खोल समुद्र : पश्चिम किनाऱ्यावरील शोध व बचावाचे काम तटरक्षक दलाचे मुंबईतील सागरी बचाव समन्वय केंद्र पाहते. दलाचा दूरध्वनी मदतक्रमांक १५५४ आहे. व्हीएचएफच्या टप्प्याबाहेर मध्यम व उच्च कंप्रतेचे संच, उपग्रह दूरध्वनी आणि ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत देणारा संकटदर्शक यांचा आधार घ्यावा लागतो. मच्छीमारांसाठी इस्रोने उपग्रहाद्वारे संकटसंदेश पाठवणारे उपकरण (डॅट) तयार केले. त्याची दुसरी पिढी २०२४ मध्ये आली. तीत संदेश पोचल्याची पोच होडीवर परत मिळते.

दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शीडनौकेतून २००९–१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. अशा प्रवासात बहुतांश काळ व्हीएचएफच्या टप्प्यात कुणीच नसते. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौकानयनपटू अभिलाष टॉमी यांच्या ‘तुरिया’ या नौकेच्या डोलकाठ्या दक्षिण हिंदी महासागरात मोडल्या आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. त्यांनी उपग्रहामार्गे लघुसंदेश पाठवून खबर दिली आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तनौकेने तीन दिवसांनी त्यांना उचलले. दूरवरून खबर देण्यासाठी उपग्रह लागतो. मदतीला आलेले जहाज किंवा विमान क्षितिजात शिरल्यावर मात्र त्याच्याशी थेट बोलण्याचे पहिले साधन व्हीएचएफच असते.